मागच्या सीटवरचा आवाज

आमच्या बोळात सायलेन्सरची परीक्षा गाडीच्या मागे उभं राहून व्हायची. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, एक जण आत बसून ॲक्सिलरेटर दाबतोय, आणि गाडीचा मालक, मी, शेजारचा पंक्चरवाला आणि समोरचा पानवाला असे चौघे जण नळकांड्यामागे कमरेवर हात ठेवून उभे. पानवाल्याने मान हलवली की काम पास. हा पानवाला जन्मात कधी मोटारीत बसला नव्हता, पण त्याच्या मानेला नागपूरच्या महाल भागात मोठी किंमत होती. मी स्वतः त्या मानेच्या भरवशावर बरीच वर्षं धंदा केला, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क मला नाही.

माझं दुकान म्हणजे बोळाच्या तोंडाशी टिनाचं छप्पर, गॅस वेल्डिंगची टाकी आणि जमिनीत खोदलेला एक खड्डा. खड्ड्यावर गाडी उभी करायची आणि आपण खाली उतरायचं. मूळचा सायलेन्सर सडला की तसाच नवा मुंबईहून मागवायला महिना लागे. मी दोन दिवसांत पत्र्याचा करून देत असे. आत भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती काचेचा कापूस, वरून पत्र्याचं पिंप. हात चांगला आणि डोकं गरम अशी माझी ख्याती होती, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पंच्याहत्तर सालाच्या आसपास पेट्रोल फार महाग झालं तेव्हा लोकांनी आपल्या गाड्यांतली पेट्रोलची इंजिनं काढून डिझेलची बसवायला सुरुवात केली. खर्च कमी झाला, पण गाडी दाणे भरडायच्या चक्कीसारखी बोलायला लागली. जुने सायलेन्सर या इंजिनाला पुरेनात. त्या दोन-तीन वर्षांत माझ्या खड्ड्याला उसंत नव्हती.

अशीच एक पांढरी गाडी ड्रायव्हर घेऊन आला. गाडी प्रतापनगरच्या एका डॉक्टरीणबाईंची होती. बाई बाळंतपणाच्या डॉक्टर. आठवड्यातून दोनदा त्या सावनेरला जात. तिथे कापसाच्या एका व्यापाऱ्याच्या घरामागे दोन खोल्या घेऊन त्यांनी दवाखाना थाटला होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, हाडकुळा, आधी वीस वर्षं ट्रक चालवलेला. तो म्हणाला, "मिस्त्री, बाई म्हनते गाडी घुमते."

"कुठं घुमते?"

"मले काय मालूम गा. मले तं काहीच ऐकू येत नाही. समोर इंजिन वरडून राहिलं, त्याच्यात घुमनं कोनाले समजते?"

मी त्याला जुन्यापेक्षा दीडपट मोठा सायलेन्सर करून दिला. कापूस ठासून भरला. बोळात परीक्षा झाली, पानवाल्याने मान हलवली, गाडी गेली. चार दिवसांनी परत आली.

"बाई म्हनते, आता जास्त घुमून राहिली."

मला राग आला. मी एकामागे एक असे दोन सायलेन्सर लावले. बोळात गाडी सुरू केली तर पानवाल्याने इंजिन चालू आहे की बंद हे पाहायला नळकांड्यासमोर तळहात धरला. याहून मोठं सर्टिफिकेट महालात नव्हतं. गाडी गेली आणि आठवड्यात पुन्हा खड्ड्यावर.

"आता काय म्हनते?"

"थेच म्हनते. पहिल्यापेक्षा वाईट, म्हनते."

"बाईले सांग, मिस्त्री मेला," मी म्हणालो आणि खड्ड्यात उतरून दुसऱ्या गाडीचं काम करू लागलो. ड्रायव्हर थोडा वेळ वर उभा राहिला. मग त्याचे पाय दिसेनासे झाले.

पुढे कळलं की बाई खरं तेच सांगत होत्या. डिझेलच्या गाडीचे आवाज दोन असतात. एक तडतडा, तो कापसाने मरतो. दुसरा खोल, जाड, घूं असा. त्याला कापूस काही करत नाही. लग्नघरातली वाजंत्री थांबली की आतलं भांडण ऐकू येतं, तसा तडतडा मी मारला आणि मागे तो घूं एकटा उरला. मी जितकं चांगलं काम करत होतो, तितका बाईंचा त्रास वाढत होता. पण तेव्हा हे मला कोण सांगणार? आमच्या धंद्यात सगळे गाडीच्या मागे उभं राहून शिकलेले.

दोन दिवसांनी बाई स्वतः आल्या. बोळात गाडी शिरवली नाही, चौकात उभी करवली आणि ड्रायव्हरसोबत चालत आल्या. वय पंचावन्नच्या पुढे, केस आखूड, हातात पुरुषी घड्याळ. मी खड्ड्यातून डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री वारले असं ड्रायव्हर सांगत होता," त्या म्हणाल्या. "म्हणून भेटायला आले."

पंक्चरवाला खो खो हसला. मी वर येऊन हात पुसले. मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडण मला येतं, मी तयारीत होतो. पण बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली.

"मी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकते. पोटावर एक छोटा कर्णा ठेवायचा आणि त्याला कान लावायचा. ठोके फार बारीक असतात. बाहेर कोणी खोकललं तरी हुकतात. डिझेलचं इंजिन बसवल्यापासून सावनेरला पोचले की अर्धा-पाऊण तास माझ्या कानात तो घूं राहतो आणि मला ठोके लागत नाहीत. मी आधी चहा घेते, रजिस्टर बघते, वेळ काढते. बाया बाहेर ताटकळतात."

मी म्हणालो, "मग तसंच करायचं बाई. अर्धा तास थांबायचं."

"गेल्या महिन्यात थांबता आलं नाही. एक मुलगी बैलगाडीतून आली, नववा महिना. दोन दिवस बाळ हललं नाही म्हणून घाबरलेली. मी उतरले तशी आत गेले, ऐकलं. काही लागलं नाही. मी म्हटलं, ठोके नाहीत. तिच्या सासूने तिथेच गळा काढला. अर्ध्या तासाने ठोके सापडले. बाळ चांगलं होतं, पुढे बाळंतपणही नीट झालं. पण तो अर्धा तास ती पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्याशी बोलली नाही."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. मीच अस्वस्थ झालो. तोवर मला हे श्रीमंताचं नाजूक दुखणं वाटत होतं.

"मिस्त्री, तुम्ही माझ्या जागेवर बसून पाहिलंत का?"

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. बाई मागे बसत. तो मागे कधी बसला नव्हता, कारण तो ड्रायव्हर होता. आणि मी कधी बसलो नव्हतो, कारण मी मिस्त्री होतो. गाडी हलवायची झाली तर ड्रायव्हरच्या सीटवर पोतं टाकून बसायचं. मागची सीट, तिच्यावरचं पांढरं कव्हर, ही आमची जागा नव्हे. महालात, सीताबर्डीत, कोणत्याही दुकानात विचारा, गिऱ्हाइकाच्या गाडीत मागे बसलेला मिस्त्री तुम्हाला सापडला नसता.

"कपडे खराब आहेत बाई," मी म्हणालो.

कपड्यांचं कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो. त्या दिवसानंतर माझे वडील कुणापुढे वाकले नाहीत. गिरणीतसुद्धा ताठ चालायचे. पण दुसऱ्याच्या खुर्चीवर, कुणी दोनदा म्हटल्याशिवाय, त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. त्यांनी मला ते शिकवलं नाही. ते मला न शिकवता आलं. माझा राग गिऱ्हाइकावर निघायचा, पण त्याच्या सीटजवळ आला की मी बाजूला सरायचो. बाईंना यातलं किती कळलं मला ठाऊक नाही. त्या इतकंच म्हणाल्या, "मग बदलून या. मी थांबते."

मी सायकलवर घरी गेलो. मोरीत बसून रॉकेल आणि साबणाने हात धुतले, आंघोळ केली, लग्नात शिवलेली पँट घातली. लग्नाला वर्षच झालं होतं. बायकोने विचारलं, "कोनाकडे जाऊन राहिले?"

"कामावर," मी म्हणालो. ती माझ्या पँटकडे बघत राहिली.

परत आलो तर बाई पंक्चरवाल्याला त्याच्या खोकल्यावर औषध लिहून देत होत्या. त्या दुकानातच थांबल्या. ड्रायव्हरने मागचं दार उघडून धरलं, म्हणाला, "बसा साहेब," आणि पानवाल्याने तोंडातला विडा सांभाळत नमस्कार केला. महिनाभर ते मला साहेब म्हणत होते.

आम्ही छिंदवाडा रोडला लागलो. कोराडीच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. मी सीटच्या कडेवर बसलो होतो, दोन्ही हात गुडघ्यावर. कान देऊन ऐकलं. इंजिन ऐकू येत होतं, खिडकीची काच हलत होती, पण घूं काही सापडेना. परत येऊन मी बाईंना तसंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "टेकून बसला होतात?"

"नाही."

"टेकून बसा. डोकंही टेका. तास-दीड तासाच्या रस्त्यात कोण कडेवर बसतं?"

पुन्हा गेलो. या वेळी पाठ टेकली, मान मागे टाकली. त्या कव्हरला डोक्याला लावायच्या तेलाचा वास होता. ड्रायव्हरने वेग वाढवला आणि पंचावन्नच्या आसपास ते आलं. कानातून आलं नाही, पाठीतून आलं. छातीत भरलं, मग डोक्यात. साठला ते पुरतं चढलं. मी तोंड उघडलं तर दातांत लागलं. सत्तरच्या जवळ गेल्यावर ते अचानक उतरलं.

"साठवर ठेव," मी म्हणालो. दहा मिनिटं तसाच बसलो. उतरलो तेव्हा रस्त्याकडेच्या झाडावर साळुंक्या भांडत होत्या; त्यांच्या चोची हलताना दिसल्या, आवाज मागून आला असं वाटलं. दोन वेळा माझ्या हातून गेलेलं, बोळाने पास केलेलं काम हे असं होतं. मला लाज वाटली.

"पन्नासनं चालवत जा," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"पन्नासनं गेलो तं बाई वरडते, उशीर होते म्हनून. सत्तरनं गेलो तं रस्ता वरडते. साठच बराबर आहे या गाडीले."

म्हणजे इंजिनाला जो वेग मानवत होता, नेमका त्याच वेगाला गाडी घुमत होती. दोष शोधायला खड्ड्यात उतरलो. आधीही याच गाडीखाली दोनदा उतरलो होतो, पण आता पाठीला जागा माहीत होती. बाईंच्या सीटच्या बरोबर खाली नळी धरायची एक लोखंडी पट्टी होती आणि ती गाडीच्या तळाच्या पत्र्याला वेल्ड केलेली होती. नळी थरथरली की पत्रा थरथरे, पत्रा थरथरला की सीट. ही पट्टी तिथे कुणी लावली? मीच. हाताशी पडत होती म्हणून.

पट्टी कापली. जुन्या टायरच्या कापडी रबराचे तुकडे कापून नळी चेसिसच्या आडव्या लोखंडाला टांगली, लोखंडाला लोखंड लागणार नाही अशी. शेवटची नळी वीतभर वाढवून बंपरच्या बाहेर काढली, म्हणजे आवाज डिक्कीखाली कोंडणार नाही. पुन्हा आंघोळ, पुन्हा लग्नाची पँट, पुन्हा कोराडी. निम्मं गेलं होतं. निम्मं होतंच.

त्या निम्म्याने माझी झोप उडवली. मग एक गोष्ट आठवली. जुन्या मालगुजार जमीनदारांकडे काही परदेशी गाड्या असत. त्यांच्या नळीला बाजूला एक फाटा असायचा. हात-दोन हात लांब नळी, पुढचं तोंड बंद. त्यातून धूर कुठे जात नाही, काही नाही. आम्ही तिला आंधळी नळी म्हणत असू. गाडी दुरुस्तीला आली की पहिलं काम म्हणजे ती कापून टाकणं आणि मूळ नळीचं भोक बुजवणं. जी नळी कुठे जातच नाही ती कशाला वागवायची, असा आमचा हिशोब. परदेशातले लोक एवढे वेडे असतील का, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

मी तशी नळी करून पाहायचं ठरवलं. बंद तोंडाला आपटून परतलेला घूं मागून येणाऱ्या घूंला मारत असावा, आणि ते नळीच्या लांबीवर ठरत असावं, असा माझा अंदाज होता. लांबी किती ते माहीत नव्हतं. म्हणून एका नळीत दुसरी सरकणारी नळी बसवली, आतलीचं टोक बंद केलं, आणि दोन्ही वाकवून चेसिसच्या कडेने टांगल्या. आतली नळी चार बोटं बाहेर ओढायची, क्लॅम्प आवळायचा, कोराडीला जाऊन यायचं. पुन्हा चार बोटं. मी तेवढ्यापुरता खाकी कोट कपड्यांवरून चढवायचो आणि गाडीखाली शिरायचो, बाहेर आलो की कोट काढून मागच्या सीटवर बसायचो. रस्त्याकडेच्या चहावाल्याला वाटलं, साहेबाचं डोकं फिरलं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी टेकून बसलो होतो. बराच वेळ काही झालं नाही. मी म्हणालो, "साठवर घे ना गा."

"साठवरच आहे."

"खोटं नको बोलू."

"या न समोर, पाहा काट्याकडे."

मी पुढे वाकून पाहिलं. काटा साठवर होता. पुन्हा पाठ टेकली. इंजिन बोलत होतं, टायर बोलत होते, पण तो घूं नव्हता. मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि दोघांनी उसाचा रस प्यायला. मला फार आनंद झाला होता. तो मी लपवला नाही, लपवायचा कशाला?

नळी पक्की वेल्ड करून दिली. शुक्रवारी बाई सावनेरला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, चला तुम्ही पण. मी समोरचं दार उघडलं. त्या म्हणाल्या, "समोर बसून काय ऐकणार? मागे या." मी त्यांच्या शेजारी, दाराला चिकटून बसलो, मग आठवण झाली तशी पाठ टेकली. कोळशाचे ट्रक समोरून येत होते. बाईंनी डोळे मिटले होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आता साठवर आहे?"

"हो बाई. केव्हाचा."

"छान झालंय," त्या म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, मनाजोगं काम झालं की माणूस असाच गप्प होतो.

दवाखान्यासमोर कडुलिंबाखाली बाया बसल्या होत्या, सोबत त्यांच्या सासवा, आया. बाई चहा न घेता सरळ आत गेल्या. त्या दिवसाची हीच परीक्षा होती. मी ओसरीवर बसलो. आतल्या खोलीला नुसता पडदा होता. आत बाईंच्या हाताखाली सावनेरचीच एक सिस्टर होती, तिशीतली. मला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

"श्वास धर," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. "जरा कुशीवर हो." पुन्हा शांत. "सिस्टर, तुम्ही बघा."

"आहे न बाई," सिस्टर म्हणाली. "हे काय, इथंच. चांगला चालू आहे."

"हं," बाई म्हणाल्या.

दुसरी बाई आत गेली. तेच झालं. तिसरी गेली. तेच. लिंबाखालच्या बाया आपापसांत बोलत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं. वाटलं, माझ्याकडून अजून काहीतरी राहिलं.

शेवटची बाई गेल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि गाडीत जाऊन बसल्या, मागे, आपल्या जागेवर. ड्रायव्हर चहाला गेला होता. त्यांनी मला हाक मारली.

"मिस्त्री, इंजिन बंद आहे ना?"

"बंद आहे बाई."

"मला आवाज येतोय. साठवर यायचा तोच."

मी काय केलं, तर वाकून गाडीखाली पाहिलं. सवयीने पाहिलं.

"खाली नका बघू," बाई म्हणाल्या. "येताना गाडी गप्प होती, मला समजलं. कोराडीच्या आधीच समजलं. गाडी गप्प झाली आणि हा राहिला." त्यांनी कानाला हात लावला नाही की काही नाही. "त्या बैलगाडीतल्या पोरीच्या बाळाचे ठोकेसुद्धा सिस्टरलाच सापडले होते. मग मी ऐकलं आणि हो म्हटलं. मला वाटलं, मलाही आता ऐकू आले. आले नव्हते. मी वर्षभर गाडीला दोष देत होते."

मी उभा होतो. एरवी माझं काम चोख निघालं की मी चार जणांना सांगत सुटायचो. त्या दिवशी माझं काम आयुष्यात सगळ्यांत चोख निघालं होतं आणि मला मनापासून वाटत होतं की ते बिघडलेलं निघायला हवं होतं. मी म्हणालो, "बाई, अजून एकदा खोलून पाहतो."

"नको. हे तुमच्या खड्ड्यातलं काम नाही," त्या म्हणाल्या. मग चहाच्या दुकानाकडे पाहत, "ड्रायव्हरला इतक्यात सांगू नका."

मी कुणालाच सांगितलं नाही. दुकानात आल्यावर पानवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, झालं, गाडी गप्प झाली. त्यानंतर घुमणाऱ्या गाड्या लांबून लांबून माझ्याकडे येऊ लागल्या. मी दुकानात एक धुतलेली पँट टांगून ठेवली आणि प्रत्येक गाडीत मागे बसून, टेकून पाहू लागलो. काही मालकांना ते आवडायचं नाही. त्यांना मी सांगायचो, दुसरीकडे न्या. बाईंची गाडी मात्र पुढे माझ्याकडे आली नाही. ती बिघडली नव्हती. ड्रायव्हर कधी चौकात दिसला तर म्हणायचा, जाऊन राहिलो सावनेरले, दर मंगळवारी, शुक्रवारी. मी पुढे काही विचारत नसे.

पुढच्या वर्षी माझ्या बायकोला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिचं माहेर सावनेरजवळचं एक खेडं. सासूबाईंचा निरोप आला, पोरीले सावनेरच्या डॉक्टरीणबाईले दाखवतो.

मी जेवत होतो. घास तसाच राहिला. म्हणालो, "नागपुरातच दाखवू. इथं मोठे दवाखाने आहेत."

"काहून?" बायको म्हणाली. "तिकडं सगळे तिलेच दाखवते. तुमीच तं सांगत होते, बाई चांगली आहे म्हनून."

चांगली आहे, हे मी घरीदारी सांगत होतोच. ज्या माणसाने मला त्याच्या जागेवर टेकून बसवलं त्याच्याबद्दल वाईट बोलायची माझी जीभ नव्हती. पण त्या बाईंना ठोके ऐकू येत नाहीत, हे सावनेर तालुक्यात सिस्टर सोडली तर कदाचित मला एकट्याला माहीत होतं, आणि आता पोट माझ्या बायकोचं होतं. सांगितलं तर बाईंचा दवाखाना बसतो. नाही सांगितलं आणि काही कमी-जास्त झालं तर? दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होतो. शेवटी म्हणालो, "चल, मी येतो सोबत." यात मनाचा मोठेपणा काही नव्हता. मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

लिंबाखाली बायांत मी एकटाच पुरुष. आमचा नंबर आला तेव्हा बाईंनी मला ओळखलं.

"मिस्त्री, गाडी अजून गप्प आहे," त्या म्हणाल्या. मग बायकोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या लगेच लक्षात आलं मी कशाला आलोय. मी मान खाली घातली. नवऱ्यांना त्या खोलीत येऊ देत नसत. सासूबाई मला मागे ओढत होत्या. बाईंनी पडदा हाताने बाजूला धरला. "या. दारात उभे राहा."

बायको खाटेवर आडवी झाली. कर्णा सिस्टरने घेतला. पोटावर टेकवला, वाकून कान लावला, जागा बदलली, पुन्हा लावला. मग तिने डावा हात न बघता मागे केला. बाईंनी आपला तळवा उघडून तिच्या हाताखाली धरला आणि दुसऱ्या हाताचं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं.

बायकोने श्वास धरला होता. मीही श्वास धरला होता. सिस्टरचं एक बोट बाईंच्या तळव्यावर पडायला लागलं. जलद, बारीक, एकसारखं, दर ठोक्याला एकदा. बाईंचे ओठ हलत होते, त्या मोजत होत्या. मिनिटभर त्यांनी घड्याळावरून नजर उचलली नाही. मग त्या बायकोला म्हणाल्या, "चांगलं आहे बाळ. अगदी चांगलं."

बायको हसली. सासूबाईंनी हात जोडले. मी बोटाकडे पाहत होतो. ते अजून चालूच होतं.